गरोदरपणातील मुंग्या, लवणारे स्नायू आणि गंभीर मेंदूविकाराची भीती

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. तुमचे वय २९ वर्षे असून तुम्ही पहिलटकरीण आहात आणि आता २६ वा आठवडा चालू आहे. गेल्या दोन महिन्यांपासून दोन्ही पोटऱ्यांतील मांस अधूनमधून फडफडते, पहाटे उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते आणि मागच्या आठवड्यात चहाने भरलेला कप त्याच हातातून निसटला. माहेरी शेजारी राहणारे काका मोटर न्यूरॉन आजाराने, म्हणजे ज्याला एएलएस म्हणतात त्या विकाराने, दोन-अडीच वर्षांत अंथरुणाला खिळून गेले आणि ते सारे तुम्ही शाळकरी वयात डोळ्यांनी पाहिले. कप पडला त्या रात्री तुम्ही मोबाइलवर लक्षणे शोधली आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. आपल्याला तोच आजार झाला आहे का, बाळाला उचलून घेण्याइतके बळ हातात राहील का आणि एमआरआय करून घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे.

प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करू नये हे खरे, परंतु तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून मत बनवण्याइतका मजकूर माझ्या हाती आहे. तुमच्या हाताचा त्रास बहुधा मनगटात नस दबल्यामुळे होत आहे, पोटऱ्यांची फडफड निरुपद्रवी असण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि या दोहोंपेक्षा तुमची भीतीच आज तुम्हाला अधिक आजारी करत आहे. शिवाय ही भीती चुकीच्या दाराशी पहारा देत बसली आहे, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. गरोदर स्त्रीच्या मेंदूला ज्या गोष्टींपासून खरा धोका असतो त्यांची नावे तुमच्या प्रश्नात कुठेच नाहीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी ही अवस्था आहे. तिच्याकडे मी शेवटी येतो.

आधी हाताचे पाहू. गरोदरपणाच्या उत्तरार्धात शरीरातील पाण्याचे प्रमाण वाढते, अंगठी घट्ट होते, बांगड्या चढत नाहीत आणि हीच सूज मनगटाच्या आतही असते. तिथे हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा आहे, ज्यातून मीडियन नावाची नस तळहातात उतरते. जागा कमी पडली की ती दबते. मग अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात, करंगळी मात्र बहुतेक सुटते. झोपेत मनगट दुमडले जाते म्हणून त्रास पहाटे वाढतो आणि हात पलंगाबाहेर लोंबकळत सोडला किंवा थर्मामीटर झटकतात तसा झटकला की बरे वाटते. आज पहाटे जाग येईल तेव्हा करंगळीला मुंग्या आहेत का, एवढेच एकदा पाहून ठेवा. कप पडण्याचे कारणही यातच आहे. चिमटीतल्या बोटांना वस्तूचा स्पर्श नीट कळला नाही तर पकड नेमकी किती घट्ट ठेवायची याचा अंदाज चुकतो आणि बळ शाबूत असूनही वस्तू सुटते. मनगट सरळ ठेवणारा पट्टा औषधांच्या दुकानात मिळतो. तो रात्री बांधून झोपल्यास बऱ्याच जणींना आठवडाभरात फरक जाणवतो आणि बाळंतपणानंतर सूज उतरली की बहुतेकींचा त्रास हळूहळू जातो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. एएलएस हा हालचाल घडवणाऱ्या पेशींचा आजार आहे आणि स्पर्शज्ञान वाहणाऱ्या नसा त्यात सहसा सुटतात. मुंग्या, झिणझिण्या, बधिरपणा ही त्या आजाराची ओळख नव्हे. ज्या लक्षणाने तुमची झोप उडाली, ते लक्षण खरे तर तुमच्या बाजूने साक्ष देत आहे.

आता पोटऱ्यांकडे वळू. स्नायू फडफडणे हे एएलएसमध्ये असते हे खरे आहे, पण तिथे ते सहसा एकटे येत नाही. आधी किंवा सोबत हातपायांची कामे अडू लागतात: किल्ली फिरत नाही, ब्लाउजचे हूक लागत नाही, चालताना पाऊल उचलले न गेल्याने जिन्यावर ठेच लागते, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोलगट होतो, बोलणे जड होते. हा ऱ्हास एका जागी सुरू होऊन महिनोन्‌महिने पुढे सरकतो. आज डाव्या पोटरीत, उद्या पापणीवर, परवा दंडात असा फिरत नाही. दमलेला स्नायू, अपुरी झोप, चहा-कॉफी आणि भीतीमुळे रक्तात वाढलेले अ‍ॅड्रेनॅलिन यांपैकी कोणत्याही कारणाने निरोगी स्नायू फडफडतो. डोळा लवणे तर आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचे आहे. बायकांचा डावा डोळा लवला की शुभ मानतात. पोटरी लवली तर तिच्यासाठी मात्र शकुनशास्त्रात काही तरतूद नाही, म्हणून बहुधा आपण इंटरनेटकडे जातो.

एएलएसचे प्रमाण युरोपात दर लाख लोकांमागे वर्षाला २ ते ३ नवे रुग्ण इतके आहे आणि बहुसंख्य रुग्ण पन्नाशी-साठी ओलांडलेले असतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९९३ मध्ये १२१ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. या सर्वांचे स्नायू फडफडत होते, परंतु तपासणीत ना अशक्तपणा होता ना अन्य दोष. कित्येक वर्षे पाठपुरावा करूनही त्यांपैकी एकालाही एएलएस झाला नाही. त्या मंडळींत वैद्यकीय व्यवसायातील लोक बरेच होते, याचे मला मुळीच नवल वाटत नाही. न्यूरॉलॉजी शिकत असताना वसतिगृहाच्या आरशासमोर जीभ बाहेर काढून मीही उभा राहिलो आहे. बाहेर काढलेली जीभ प्रत्येकाचीच थरथरते. ती तोंडात सैल ठेवून तपासायची असते, ही साधी गोष्ट मला त्यानंतर दोन दिवसांनी वॉर्डात समजली.

इतर तक्रारी मी भरभर सांगतो, कारण पुढच्या महिन्यात त्यांपैकी एखादी तुम्हाला गाठेल आणि पुन्हा तोच शोध सुरू होईल. मांडीच्या बाहेरच्या बाजूला हातभर पट्टा बधिर होणे किंवा चुरचुरणे, हे जांघेजवळ त्वचेची एक नस ताणली गेल्याने होते आणि त्यात पायाचे बळ कमी होत नाही. रात्री पोटरीत गोळा येणे, ज्याला कुठे वांब येणे म्हणतात, हे उत्तरार्धात अतिशय सामान्य आहे. पाठ टेकली की पाय सतत हलवावेसे वाटत असतील तर हिमोग्लोबिन ठीक असले तरी फेरिटिन तपासून घ्यावे, कारण लोहाचा साठा कमी असणे हे त्याचे नेहमीचे आणि दुरुस्त होणारे कारण आहे. ओठांभोवती आणि दोन्ही हातांच्या बोटांना एकदम मुंग्या येऊन छातीत धडधडणे, हे बहुतेक वेळा भराभर श्वास घेतल्यामुळे होते. गरोदर स्त्रीचा श्वास मुळातच थोडा खोल असतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड आधीच कमी असतो आणि घाबरण्याने तो आणखी खाली गेला की मुंग्या लवकर येतात. तुम्ही शाकाहारी आहात का, हे लिहिलेले नाही. असल्यास बी-१२ अवश्य तपासावे, विशेषतः दोन्ही तळपायांना मुंग्या असतील आणि जीभ लाल, गुळगुळीत झाली असेल तर. गरोदरपणात रक्त पातळ झाल्याने बी-१२ चा आकडा थोडा खाली दिसतोच. तो डॉक्टरांकडूनच वाचून घ्यावा.

काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका सातव्या महिन्यात माझ्याकडे आल्या होत्या. सोबत दोनशे पानी वही होती आणि तीत रकाने आखलेले होते: तारीख, वेळ, उजवी पोटरी, डावी पोटरी, किती वेळा. काही पाने दुसऱ्या अक्षरात होती. विचारल्यावर कळले की रात्री त्या झोपल्यावर यजमान टॉर्च घेऊन त्यांच्या पोटऱ्यांकडे पाहत बसत आणि नोंद करत. अंगठ्याजवळचे मांस झिजले की काय, हे पाहण्यासाठी दोन्ही हात चिमटीत धरून त्या इतक्या वेळा दाबत की उजव्या हातावर काळानिळा डाग पडला होता. शिवाय पायांत बळ आहे ना, याची खात्री करण्यासाठी दिवसातून वीस-पंचवीस वेळा त्या चवड्यांवर उभ्या राहत. सात महिन्यांच्या पोटाचे ओझे घेऊन इतक्या वेळा चवड्यांवर उभे राहिल्यावर कोणाच्याही पोटऱ्या फडफडतील. तपासणीच पुरावा तयार करत होती. मी त्यांना टाचांवर आणि चवड्यांवर चालवून पाहिले, बोटांची पकड पाहिली, हातोडीने रिफ्लेक्स पाहिले, जीभ पाहिली. सर्व ठीक होते आणि तसे मी स्वच्छ अक्षरात केसपेपरवर लिहून दिले. दारापर्यंत जाऊन त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, जीभ नीट पाहिलीत ना?"

आजाराच्या भीतीचा हा सारा आजार या प्रश्नात सामावलेला आहे. खात्री मिळाली की काही तास किंवा काही दिवस बरे वाटते, मग मन त्या खात्रीतच खोट काढते आणि पुढची खात्री मागते. दर वेळी मिळणारा तो क्षणभराचा दिलासा पुन्हा तपासण्याची सवय घट्ट करत जातो. म्हणून अशा रुग्णाला दिलासा द्यायचा तो एकदाच, पूर्ण तपासणी करून आणि कारणांसह. तोच दिलासा रोज थोडा थोडा देणे म्हणजे आजाराला खतपाणी घालणे होय. त्या बाईंशी मी एवढाच करार केला की लक्षण वाढो वा न वाढो, चार आठवड्यांनी ठरलेल्या दिवशी त्यांनी यायचे आणि मधल्या काळात वही कपाटात राहील. पहिले दहा दिवस फार कठीण गेले, असे त्यांनी नंतर सांगितले.

एमआरआयबद्दलचे माझे मतही याच अनुभवातून आलेले आहे. कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून देतात ते औषध, न देता केलेला एमआरआय गरोदरपणात सुरक्षित मानला जातो. गॅडोलिनियम असलेले कॉन्ट्रास्ट मात्र अगदी अडल्याखेरीज टाळतात. तेव्हा गरज असेल तर बाळाच्या काळजीने एमआरआय लांबवू नये. पण तुमच्या बाबतीत आज त्याची गरज दिसत नाही. एएलएसचे निदान मुख्यतः अंगतपासणी आणि ईएमजी, म्हणजे स्नायूंतील विद्युत हालचाल नोंदवणारी तपासणी, यांवर होते. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला तरी तुमचे मन "म्हणजे एएलएस नाही असे कुठे सिद्ध झाले?" असे विचारणारच आणि तांत्रिकदृष्ट्या त्याचे म्हणणे बरोबर असेल. उलट अहवालात एखादा क्षुल्लक पांढरा ठिपका निघाला, जो निरोगी माणसांतही सापडतो, तर नव्या भीतीला नवे नाव मिळेल.

ते नाव बहुधा मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतील नसांचे आवरण खराब करणारा आजार, असेल. एएलएसची भीती ओसरली की ती याच दिशेला वळते, असे मी वारंवार पाहिले आहे, म्हणून आधीच सांगतो. त्या आजाराचा झटका म्हणजे निदान चोवीस तास सलग आणि बहुधा काही दिवस ते आठवडे टिकणारे लक्षण असते: एका डोळ्याने दुखत दुखत अंधुक दिसू लागणे, किंवा पायांपासून कमरेपर्यंत बधिरपणा चढत जाणे. दहा मिनिटे इथे आणि दहा मिनिटे तिथे येणाऱ्या मुंग्या त्या साच्यात बसत नाहीत. शिवाय ज्यांना तो आजार आधीपासून आहे त्यांच्यातही गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झटके कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात. १२ युरोपीय देशांतील २५४ स्त्रियांच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसले होते.

आता काय करावे ते सांगतो. एका न्यूरॉलॉजिस्टकडे, किंवा ते जवळ नसतील तर अनुभवी फिजिशियनकडे, एकदाच जाऊन पूर्ण तपासणी करून घ्यावी. दुसरे आणि तिसरे मत घेण्याचा मोह होईल, तो टाळावा. निष्कर्ष कागदावर लिहून मागावा. त्यानंतर चवड्यांवर उभे राहून पाहणे, जीभ पाहणे, मांसाची जाडी दाबून पाहणे आणि मोबाइलवर लक्षणे शोधणे, या चारही गोष्टी थांबवाव्यात. एकदम जमत नसेल तर तपासण्याची ऊर्मी आली की अर्धा तास पुढे ढकलावी. त्या अर्ध्या तासात भीती आधी चढते आणि मग काहीही न करता आपोआप उतरते, हे स्वतः अनुभवल्याखेरीज पटत नाही. काळजीसाठी संध्याकाळची वीस मिनिटे राखून ठेवणे अनेकांना पोरकट वाटते, परंतु दिवसभर येणाऱ्या विचाराला "संध्याकाळी पाहू" असे सांगता येणे हे लहानसहान काम नाही. श्वास मोजायचा असेल तर बाहेर सोडण्यावर भर द्यावा. खोल श्वास आत घेण्याचा आटापिटा केल्यास मुंग्या वाढतात.

यजमानांना आणि सासूबाईंना हे उत्तर अवश्य वाचायला द्या. "काही होत नाही, उगाच विचार करू नकोस" हे वाक्य प्रेमापोटीच येते, पण ते ऐकणाऱ्याला एकटे पाडते. "बघू दे पोटरी" म्हणून दर वेळी तपासणे हेही तितकेच घातक आहे. त्याऐवजी "तुला भीती वाटते आहे हे दिसते आहे, तपासायचे नाही असे आपले ठरले आहे, चल, गच्चीवर एक फेरी मारू" असे म्हणणे कठीण असले तरी उपयोगाचे आहे. घरात एएलएसविषयी बोलायचेच नाही असा दंडक मात्र घालू नये. शेजारच्या त्या काकांविषयी तुम्ही कोणाशी कधी मनमोकळे बोलला आहात का? शाळकरी मुलीने पाहिलेला तो प्रदीर्घ मृत्यू मनात तसाच राहिला असेल आणि स्वतः आई होण्याच्या वेळी तो वर आला असेल, तर त्यात वेडेपणा काहीही नाही.

तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, झोप आणि जेवण बिघडले किंवा दिवसाचा तासाभराहून अधिक वेळ या विचारांत जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. त्यांच्याकडे जाण्याचा अर्थ तुमची लक्षणे खोटी आहेत असा होत नाही. मुंग्या खऱ्याच असतात, चुकतो तो त्यांचा लावलेला अर्थ. विचार आणि वर्तन या दोहोंवर काम करणारी सीबीटी ही आजाराच्या अशा भीतीवरची सर्वांत चांगली अभ्यासलेली उपचारपद्धत आहे. तिच्याच कुळातील अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती डॉ. कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली, त्यामुळे आपल्याकडे या वाटेचे समुपदेशक मराठीत बोलणारे मिळतात, ही जमेची बाजू आहे. औषधाची गरज पडल्यास सर्ट्रालिनसारखी औषधे गरोदरपणात वापरण्याचा अनुभव मोठा आहे. ती घ्यावीत की नाही हे मानसोपचारतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांनी मिळून ठरवावे. आधीपासून एखादी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नये. रात्री-अपरात्री फार घाबरल्यासारखे झाले किंवा जीव नकोसा वाटला तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येते. जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा विचार पक्का होत असेल तर मात्र घरच्यांना उठवून थेट रुग्णालय गाठावे.

आता ज्या दारावर पहारा हवा त्याविषयी. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाणे ही गरोदर स्त्रीच्या मेंदूसाठी एएलएसपेक्षा कितीतरी पटीने जवळची गोष्ट आहे. सतत ठणकणारे डोके, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, छातीच्या पिंजऱ्याखाली पोटात दुखणे आणि चेहऱ्यावर एकाएकी आलेली सूज यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. आकडा १६०/११० च्या घरात असेल किंवा फिट आली तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. १०८ ची रुग्णवाहिका त्यासाठीच आहे. क्षणार्धात कळसाला पोहोचणारी असह्य डोकेदुखी, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोबडी वळणे, पायांतून वर चढत जाणारा आणि दिवसागणिक वाढणारा अशक्तपणा, बसण्याच्या जागेचा बधिरपणा आणि लघवी अडणे, या गोष्टींसाठी ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नसते. पहिल्या तिमाहीत आठवडेच्या आठवडे उलट्या झालेल्या स्त्रीला दोन-दोन दिसू लागले किंवा तोल जाऊ लागला, तर सलाइनमधून ग्लुकोज चढवण्यापूर्वी थायमिन, म्हणजे बी-१, देणे अत्यावश्यक असते.

हा पहारा बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे चालू ठेवायचा आहे. फिट प्रसूतीनंतरही येऊ शकते आणि मेंदूतील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका तर गरोदरपणापेक्षा बाळंतपणानंतरच अधिक असतो. बाळंतिणीला पाणी बेतानेच द्यायचे, ही रीत काही घरांत अजून पाळली जाते. शरीर कोरडे पडल्याने रक्त घट्ट होते आणि या गुठळीला वाट मिळते. सासूबाईंना माझ्या नावाने सांगा, की सवा महिना शेक-धुरी, डिंकाचे लाडू, सारे काही होऊ द्या, पण पाण्याचा तांब्या सुनेच्या उशाशी भरलेला असू द्या.

मनगटाचा पट्टा आज रात्रीपासून वापरावा. पुढच्या तपासणीला जाताना हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉइड यांचे अहवाल सोबत न्यावेत, झाले नसतील तर सांगून करून घ्यावेत. बाळ तीन महिन्यांचे झाल्यावरही अंगठ्याच्या बाजूच्या मुंग्या राहिल्या किंवा अंगठ्याच्या बुडाचे मांस कमी दिसू लागले, तर नर्व्ह कंडक्शनची, म्हणजे नसेतून संदेश कसा जातो हे पाहणारी, साधी तपासणी करता येईल. ती बाळाला मांडीवर घेऊनही होते.